आधी श्वास मोजा, खोकला नंतर ऐका

दहा-अकरा वर्षांचा पॉमेरियन रात्री खोकायला लागला, की घरात दोन गोष्टी घडतात. एक जण मोबाइलवर कुत्र्यांचा न्यूमोनिया शोधायला बसतो आणि दुसरा कपाटातून लहान मुलांच्या खोकल्याची बाटली काढतो. बाटली आधी जागेवर ठेवा. सर्दीखोकल्याच्या सिरपमध्ये नाक मोकळं करणारी स्युडोएफेड्रीन, फेनिलएफ्रीन यांसारखी औषधं असू शकतात. चार किलोच्या कुत्र्याच्या हृदयाला ती झेपत नाहीत. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेनही आपल्या मनाने द्यायची नाहीत.

मोबाइलवरचा शोधही बहुधा भलत्याच वाटेने चाललेला असतो. पॉमेरियन, पग, शिह त्झू, ल्हासा, डॅशंड, चिहुआहुआ अशा छोट्या जातींत बरेच दिवस चाललेला खोकला बहुतेक वेळा श्वासनलिकेचा असतो. नळी ढिली पडून चपटी होते, आतल्या वाटा सुजतात किंवा वाढलेलं हृदय त्यांना खालून दाबतं. उलट, फुप्फुसाच्या गंभीर आजारात कित्येक कुत्री खोकतच नाहीत. ती नुसती भराभर श्वास घेतात, जेवणात मन नसतं, झोपायची जागा सारखी बदलतात. घरच्यांना वाटतं, उकडत असेल. खोकला कानावर येतो म्हणून त्याची धास्ती बसते. श्वास मात्र कुणी मोजलेला नसतो. माझ्या मते निदानाची पहिली पायरी ही मोजणी आहे, आणि ती घरीच करायची असते.

झोपेतला आकडा

कुत्रा शांत झोपला असेल तेव्हा लांबूनच बरगड्यांकडे पाहा. छाती वर जाऊन खाली आली की एक श्वास. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. पंधरा सेकंदांची चौपट केली तरी चालतं, पण मग एका श्वासाची चूक चार श्वासांची होते, म्हणून मी अर्ध्या मिनिटाचाच आग्रह धरतो. निरोगी कुत्रा झोपेत मिनिटाला साधारण १० ते २५ वेळा श्वास घेतो. ३०च्या वर सहसा जात नाही. पाय हलत असतील, ओठ थरथरत असतील, तर तो स्वप्नात आहे. तेव्हाची मोजणी धरू नका. तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो तेव्हाची तर मुळीच नाही. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी मोजून घाबरून जाण्यात अर्थ नाही. रात्री पंख्याखाली, कूलरसमोर गार झाल्यावर मोजा.

कुत्रा धडधाकट असतानाच चार-सहा दिवस हा आकडा लिहून ठेवला, तर त्याचं नेहमीचं माप हाती लागतं. एखाद्याचं नेहमीचं १४ असेल आणि आता सलग तीन रात्री २६ येत असेल, तर तोही बदल आहे, आकडा ३०च्या आत असला तरी. झोपेत ३०च्या वर दोन-तीनदा आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ४०च्या वर गेलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

या मोजणीचं मोल सर्वांत जास्त कळतं ते झडपेच्या आजारात. छोट्या जातींत वय वाढलं की डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड होते, नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. कुत्र्यांच्या हृदयविकारांत हाच सर्वांत जास्त आढळतो. असं हृदय वर्षानुवर्षं तग धरतं. एके दिवशी मागचा दाब फुप्फुसाला सोसवेनासा होतो आणि तिथे पाणी उतरू लागतं. झोपेतला आकडा तेव्हाच चढायला लागतो. धाप सगळ्यांना दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

सोबत व्हिडिओ काढा. कुत्र्याच्या बाजूने, दिवा लावून, पूर्ण छाती आणि पोट दिसेल असा, अर्धा मिनिट. खोकल्याचा वेगळा. दवाखान्याच्या टेबलावर तो भेदरलेला असतो. घरी रात्रभर खोकणारा तिथे हूं की चूं करत नाही. खोकून झाल्यावर कुत्रा फेस किंवा चिकट लाळ काढतो, तेव्हा ‘उलटी झाली’ किंवा ‘घशात काहीतरी अडकलंय’ असं सांगितलं जातं आणि पोटाचे उपचार सुरू होतात. व्हिडिओ पाहिला की हा घोळ एका मिनिटात मिटतो.

लगेच निघायचं केव्हा

कोपरं बाहेर फाकवून, मान पुढे ताणून उभा आहे. दमलाय पण आडवा होत नाही. झोप आली तरी बसल्या बसल्या डुलतोय. गार जागेतही तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय. श्वासाबरोबर पोट जोराने आत ओढलं जातंय, किंवा छाती वर जाते तेव्हा पोट खाली जातंय. हिरड्या निळसर, राखाडी किंवा पांढऱ्याफटक. नाकातोंडातून गुलाबी फेस. चक्कर येऊन पडला. यांतलं एकही दिसलं तर बाकीचा लेख नंतर वाचा, आधी गाडी काढा.

हिरड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. निळसरपणा ही उशिराची खूण आहे. तो दिसेपर्यंत ऑक्सिजन बराच खाली गेलेला असतो. ज्याच्या अंगात रक्तच कमी आहे तो शेवटपर्यंत निळा दिसत नाही, पांढरा दिसतो. म्हणून ‘हिरड्या अजून गुलाबी आहेत’ यावर विसंबून रात्र काढू नये. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीच्या आतला रंग पाहा. कोविडच्या काळात घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर पंजाला लावून पाहणारे बरेच भेटतात. केस, काळी कातडी आणि कुत्र्याची वळवळ यांमुळे तो आकडा भरवशाचा नसतो. दवाखान्यात ते यंत्र जिभेला किंवा ओठाला लावतात.

नेताना छातीखाली हात घालून उचलून धरू नका. टोपलीत किंवा कॅरिअरमध्ये त्याला हवं तसं बसू द्या. गाडी गार ठेवा, तोंड बांधू नका, पाणी पाजू नका, हळद-मध चाटवू नका. धाप लागलेल्या कुत्र्याच्या घशात काहीही ओतलं, तर ते फुप्फुसात जायला वेळ लागत नाही. निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा: ऑक्सिजन आहे का, आणि एक्स-रे तिथेच निघतो का. तालुक्याच्या गावी दोन्ही एकाच ठिकाणी असतील असं नाही. ही चौकशी कुत्रा बरा असतानाच करून ठेवलेली बरी. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ सालापासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय एकाच आवारात आहे. शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथेही सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. रात्री कोण उघडं असतं, कुठली तपासणी कुठे होते, हे आधी विचारून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता एक दिलासा. कुत्रा अचानक थबकतो, मान लांब करतो आणि नाकाने घुर्र-घुर्र करत हवा आत ओढतो. दहा-वीस सेकंद, कधी मिनिटभर. मग काही झालंच नाही अशा थाटात शेपटी हलवतो. ही उलटी शिंक. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जीव जातोय असं वाटतं, पण फुप्फुसाशी तिचा काही संबंध नाही. तसाच बदकासारखा ‘क्वाक्’ करणारा कोरडा खोकला, गळपट्टा ओढला की किंवा आनंदाने उड्या मारल्या की येणारा, हा ढिल्या श्वासनलिकेचा. त्याला उपचार लागतात, गळपट्टा काढून छातीचा पट्टा घालावा लागतो, घरातला धूप आणि डासांची कॉइल बंद करावी लागते. पण झोपेतला श्वास २० असेल तर त्यासाठी रात्री दोन वाजता पळायची गरज नाही.

दवाखान्यात: आधी हवा, मग हात

बेदम झालेल्या कुत्र्याला जाणता डॉक्टर सुरुवातीला जवळजवळ हातच लावत नाही. ऑक्सिजन लावतो, भीती कमी करणारं हलकं इंजेक्शन देतो आणि बाजूला उभा राहून पाहत राहतो. मालक चिडतात: तपासत का नाहीत, एक्स-रे का काढत नाहीत? धाप लागलेल्या लहान कुत्र्याला टेबलावर दाबून धरणं, विशेषतः उताणं पाडणं, जिवावर बेतू शकतं. त्या पाहत राहण्यातही तपासणी चालू असते.

डॉक्टर पाहतात ते असं. श्वास आत घेताना कष्ट पडताहेत आणि आवाजही येतोय, तर अडथळा नाक, घसा, स्वरयंत्र किंवा मानेतल्या नळीत. सोडताना पोट आवळावं लागतंय, तर छातीतल्या वाटांमध्ये. श्वास उथळ आणि भराभर, आणि स्टेथोस्कोपमध्ये आवाज दबलेले, तर फुप्फुसाच्या भोवती काहीतरी साचलंय: खालच्या अंगाला आवाज दबले असतील तर द्रव, वरच्या अंगाला दबले असतील तर हवा. आणि श्वास दोन्ही वेळी जड, आत बारीक चरचर, तर दुखणं बहुधा फुप्फुसातच. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात घशाचीच घरघर इतकी मोठी असते की खालचं काही ऐकू येत नाही. तिथे कानांपेक्षा डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

हृदयाच्या ठोक्यांतून आणखी एक धागा मिळतो, आणि तो मला फार उपयोगी वाटतो. निरोगी कुत्र्याचे ठोके श्वासाबरोबर कमी-जास्त होतात: आत घेताना जलद, सोडताना सावकाश. नळीच्या जुन्या आजारात ही लय टिकते, उलट ठळक होते. हृदय हरायला लागलं की ती जाते आणि ठोके एकसारखे वेगाने पडतात. म्हातारा पॉमेरियन खोकतोय, मर्मर (गळक्या झडपेचा आवाज) मोठी आहे, पण लय श्वासाबरोबर झुलतेय आणि वजनही भरलेलं आहे, तर फुप्फुसात पाणी असण्याची शक्यता कमी. वजन उतरलंय, ठोके १६०च्या वर एकसुरी पडताहेत, झोपेतला श्वास ४४, तर चित्र वेगळं. मर्मर ऐकू आली म्हणजे खोकला हृदयाचाच, असं धरून वर्षभर लघवीची औषधं घेत असलेली कुत्री माझ्याकडे येतात. त्यांची नळी चपटी असते आणि मूत्रपिंडं विनाकारण कोरडी पडलेली असतात.

डॉक्टर बघत असतील तेवढ्या वेळात तुम्ही पुढच्या गोष्टी आठवून सांगा, विचारलं नाही तरी. गेल्या आठवड्यात उलट्या झाल्या का, किंवा चमच्याने, सिरिंजने जबरदस्तीने काही भरवलं का. शेजारी उंदरांचं औषध टाकलं होतं का. त्यातल्या काही औषधांनी रक्त गोठत नाही आणि तीन ते पाच दिवसांनी छातीत रक्तस्राव होतो. पिल्लाने वायर चावली का. दिवाळीच्या माळा लागल्या की हा प्रश्न मी आवर्जून विचारतो, कारण झटक्यानंतर कुत्रा ठीक दिसतो आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी उतरतं. मोठ्या कुत्र्याने धरून झटकलं का. वर कातडीला दोन दातांची भोकं असतात आणि खाली बरगड्या मोडलेल्या, फुप्फुस फाटलेलं असू शकतं. मादीच्या सडांना गाठी आहेत का. अंगावर गोचीड होते का. लसी कधी दिल्या. आणि घरातून किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडून कोणतं औषध गेलंय. नाव आठवत नसेल तर बाटलीच घेऊन या.

चित्र काढणं

कुत्रा ऑक्सिजनवर असतानाच, उभा किंवा पोटावर बसलेला, छातीवर सोनोग्राफीचा प्रोब लावता येतो. दोन-चार मिनिटांचं काम. फुप्फुसाभोवती पाणी आहे का, हवा आहे का, आणि खुद्द फुप्फुस ओलं आहे का, हे त्यातून ढोबळ कळतं. ओल्या फुप्फुसातून पडद्यावर वरून खाली सरळ पांढऱ्या रेघा उतरतात. त्या दोन्ही बाजूंना भरपूर असतील आणि हृदयाच्या डाव्या कर्णिकेचा कप्पा फुगलेला असेल, तर पाणी काढणारं फ्युरोसेमाइड लगेच सुरू करण्याइतका पुरावा झाला. अशाच रेघा न्यूमोनियात आणि फुप्फुस कडक होण्याच्या आजारातही दिसतात, हे लक्षात ठेवायला हवं. भोवती द्रव साचला असेल तर सुईने काढतात. श्वास तिथल्या तिथे मोकळा होतो आणि तपासायला नमुनाही मिळतो. पू, रक्त, दुधासारखा पांढरा किंवा पाण्यासारखा स्वच्छ, नुसत्या रंगावरून पुढची दिशा ठरते.

श्वास थोडा स्थिरावला की एक्स-रे. इथे बऱ्याच ठिकाणी काटकसर होते आणि निदान तिथेच अडतं. एका कुशीवरचा एकच फोटो पुरत नाही. कुत्रा ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूचं फुप्फुस दबतं, त्यातली हवा कमी होते, आणि तिथला डाग किंवा गाठ आजूबाजूच्या पांढरेपणात हरवून जाते. म्हणून उजवी कूस, डावी कूस आणि एक पोटावर किंवा पाठीवर, असे तीन फोटो. धाप असेल तर पाठीवरचा नको, पोटावरचाच. फोटो श्वास पूर्ण आत घेतल्याच्या क्षणी हवा. सोडलेल्या श्वासात लठ्ठ पगचं निरोगी फुप्फुसही आजारी दिसतं.

डाग कुठे आहे यावर बरंच काही कळतं. हृदय मोठं, डावी कर्णिका मागे फुगलेली, मधल्या मुळापासून पसरलेला पांढरेपणा आणि ठळक झालेल्या शिरा, तर हृदयाचं पाणी. हृदय नेहमीएवढं आणि मागच्या-वरच्या भागात दोन्ही बाजूंना पांढरेपणा, तर विजेचा झटका, फिट किंवा गळा आवळला गेल्यानंतरचं पाणी. पुढच्या-खालच्या भागात, खास करून उजव्या मधल्या पाळीत, तर अन्न किंवा उलटी श्वासनलिकेत गेल्याने झालेला न्यूमोनिया. ही पाळी डाव्या कुशीवरच्या फोटोत सर्वांत स्पष्ट दिसते आणि नेमका तोच फोटो काढलेला नसतो. बाटलीने दूध पाजताना पिल्लाला माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की हाच न्यूमोनिया होतो. पिल्लू पोटावर असायला हवं. जागोजागी गोल ठिपके, तर दुसरीकडच्या कर्करोगाची बीजं असू शकतात. न्युटर न केलेल्या, सडांना गाठी असलेल्या मादीत हे आधी मनात आणावं. एकटीच मोठी गाठ एका पाळीत असेल तर ती मूळ फुप्फुसाची असू शकते, आणि काही वेळा शस्त्रक्रियेने काढता येते. मात्र छातीवरचं स्तनाग्र किंवा म्हाताऱ्या फुप्फुसातला हाडासारखा निरुपद्रवी कणही फोटोत ठिपका दिसतो. घाईत कर्करोगाचा शिक्का मारू नये.

हृदय मोठं आहे की नाही, हे नजरेने न ठरवता छातीच्या मणक्यांच्या मापात मोजतात. पशुहृदयतज्ज्ञ बुकॅनन यांनी १९९५ साली ही पद्धत मांडली, साधारण ८.७ ते १०.७ मणके हे तिचं सर्वसामान्य माप. पॉमेरियन आणि पगमध्ये हृदय निरोगी असूनही आकडा याच्या पुढे जातो, त्यामुळे एका आकड्यावर औषध सुरू करण्याआधी इको करून घ्यावा. इको हृदय दाखवतो, फुप्फुस नाही. ‘इकोमध्ये हृदय मोठं आलं’ याचा अर्थ ‘फुप्फुसात पाणी आहे’ असा होत नाही. तरीही तो वाया जात नाही. झडप गळतेय आणि हृदय ठरावीक मापापलीकडे वाढलंय, पण पाणी अजून आलेलं नाही, अशा कुत्र्यांना पिमोबेंडान दिल्यास हृदय हरण्याची वेळ सरासरी सव्वा वर्षाने पुढे जाते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ अभ्यासात दिसलं.

चपटी नळी मात्र एक्स-रेतून निसटते. ती हलती गोष्ट आहे: मानेतला भाग श्वास घेताना मिटतो, छातीतला भाग सोडताना. फोटो भलत्या क्षणी निघाला तर नळी ठीक दिसते. हलतं चित्र दाखवणारी फ्लुओरोस्कोपी किंवा दुर्बीण असेल तरच पक्कं कळतं.

आणि कधी कधी सगळं उलटं: कुत्रा बेदम, फोटो जवळजवळ स्वच्छ. अशा वेळी यंत्राला दोष देण्याआधी तीन शंका घ्याव्यात. पहिली, फुप्फुसाच्या धमनीत रक्ताची गुठळी. दीर्घकाळ स्टिरॉइडवर असलेल्या किंवा कुशिंगचा आजार असलेल्या कुत्र्यात ही आधी आठवावी. दुसरी, फोटो फार लवकर काढला. अन्न श्वासनलिकेत गेल्यावर डाग दिसायला काही तास, कधी दिवसही लागतो. तिसरी, दुखणं छातीत नाहीच. गोचीड तापाने रक्त इतकं उतरलेलं असतं की फुप्फुस ठणठणीत असूनही श्वास ५० वर जातो. आपल्याकडे ही तिसरी शंका मी पहिल्या दिवशीच रक्त तपासून मिटवतो.

रक्त, नमुना आणि पुढे

रक्ततपासणीने फुप्फुसाचं निदान क्वचितच होतं, पण वाट अरुंद होते. पांढऱ्या पेशी वाढल्या, त्यात अपरिपक्व पेशी जास्त, तर जंतुसंसर्ग. न वाढल्या म्हणून न्यूमोनिया नाही असं मात्र नाही, आणि तापाचंही तेच. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०२ पाहून ताप आला म्हणू नका. हृदयावरच्या ताणाने रक्तात वाढणारा एनटी-प्रोबीएनपी मोजण्याची सोय असेल आणि तो कमी आला, तर धाप हृदयाची नसावी. लस न झालेल्या पिल्लाला ताप, डोळ्यानाकातून पू आणि खोकला असेल, तर डिस्टेंपरची चाचणी आधी करा. नंतर झटके सुरू झाले की निदान सोपं आणि उपचार अवघड होतात.

न्यूमोनिया वारंवार उलटत असेल किंवा औषधाला दाद देत नसेल, तर श्वासनलिकेतून थोडं सलाइन सोडून ते परत ओढून घेतात, पेशी पाहतात, जंतू वाढवून कोणतं औषध लागू पडेल ते ठरवतात. हा नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतला तर त्याची किंमत जास्त. सीटी स्कॅन एक्स-रेपेक्षा कितीतरी बारीक ठिपके दाखवतो. शस्त्रक्रियेआधी तो हवाच. वेस्ट हायलंड टेरिअरसारख्या कुत्र्यांत फुप्फुस हळूहळू कडक होण्याचा जो आजार आहे, त्याचं चित्रही सीटीतच उमटतं. पण नमुना घेणं आणि सीटी या दोन्हींना बहुधा गुंगी किंवा भूल लागते, आणि धाप लागलेल्या चार किलोच्या कुत्र्याला भूल देणं हा निर्णय चहा पिता पिता घ्यायचा नसतो. खर्चही मोठा. डॉक्टरांना सरळ विचारा: या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर चौदा वर्षांच्या कुत्र्याला त्यातून न नेणं हा हलगर्जीपणा नव्हे.

उपचार हीसुद्धा तपासणी होऊ शकते, पण एका वेळी एकच औषध दिलं तर. हृदयाचं पाणी फ्युरोसेमाइडने काही तासांत हटायला लागतं. श्वास ६० वरून ३५ वर आला, तर निदानाला मोठा आधार मिळाला. अँटिबायोटिक, स्टिरॉइड आणि फ्युरोसेमाइड अशी तिन्ही इंजेक्शनं एकदम दिली, तर कुत्रा बरा झाला तरी कशाने झाला ते कुणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तीच तीन इंजेक्शनं. जीव जात असताना डॉक्टरांनी असं केलं तर मी त्यांना बोल लावणार नाही. चालत आलेल्या, शेपटी हलवणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र ‘यातलं नेमकं कोणतं आणि का?’ असं विचारायचा मालकाला हक्क आहे.

घरी सोडताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: झोपेतला श्वास कितीच्या वर गेला तर फोन करायचा, पुढचा एक्स-रे कधी, आणि फ्युरोसेमाइड सुरू असेल तर मूत्रपिंडाची व क्षारांची तपासणी कधी; ती साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत व्हायला हवी. हृदयाचं पाणी फोटोत एक-दोन दिवसांत, फार तर तीन दिवसांत निवळतं. न्यूमोनियाचा डाग कुत्रा खेळायला लागल्यावरही काही दिवस तसाच राहतो, त्यामुळे केवळ डाग पाहून औषध वाढवत नेऊ नये आणि केवळ खेळतोय म्हणून बंदही करू नये. एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो न घेता मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. मोबाइलच्या फोटोत खिडकीची झळाळी आणि फुप्फुसातला पांढरेपणा एकमेकांत मिसळतात, आणि पुढच्या डॉक्टरला जुन्या-नव्याची तुलना करता येत नाही.